सहा माणसांची टाकी

कोळवणे गावात सत्यभामाकाकू एकट्याच राहत. दोन्ही लेकी पुण्याला होत्या. घरात शौचालय नव्हते, म्हणून नातवंडे सकाळी येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. शेवटी काकूंनी शौचालय आणि सहा माणसांना पुरेल अशी सेप्टिक टाकी बांधायची परवानगी पंचायतीच्या आरोग्य समितीकडे मागितली.

सभापती विश्वासराव नव्या सभागृहात ऐटीत बसले होते. नकाशा पाहून ते हसले.

"काकू, घरात माणूस एक आणि टाकी सहा जणांची? नामंजूर! जेवढी माणसं, तेवढीच टाकी."

काकूंनी सभागृहभर नजर फिरवली. "साहेब, सभेला आम्ही जेमतेम दहा माणसं. मग एवढ्या खुर्च्या कशाला?"

"अहो, उद्या येतील त्यांच्यासाठी!"

"माझी टाकीही येणाऱ्यांसाठीच आहे, साहेब. तुम्ही खुर्च्या मांडून वाट बघता, मी टाकी बांधून वाट बघेन."

सभेत हशा पिकला. विश्वासरावांनी खाली मान घालून सही केली.

टाकी बांधून झाली, तसा काकूंनी थोरलीला फोन लावला. "आता मुक्कामाला या गं."

 लेक हळूच म्हणाली, "आई, किती दिवस राहू?"

भर सभेत सभापतींना गप्प करणाऱ्या काकू फोन कानाशी धरूनच घरातल्या गाद्या मोजू लागल्या.