मधलं दीड मिनिट

"मग सांगा मेस्त, आमच्या दोघांत बरोबर कोण?"

मुकुंद रेग्यांनी विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच शेजारी बसलेल्या लोकुरांकडे पाहिलं. निकाल आपल्याच बाजूनं लागणार, असं ते पाहणं होतं.

इनास मेस्त चिंचेतले चिंचोके काढत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"भांडण काय, ते पुन्हा सांग. सावकाश सांग. माझा एकच कान चालतो."

गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना सूर शिकवणाऱ्याला मेस्त म्हणतात. इनास बार्रेत हे काम करू लागले ते उतारवयात, गावी परतल्यावर. त्याआधी तीस वर्षं ते मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत. सॅक्सोफोन. आता वय अठ्ठ्याऐंशी. कुडतरीतल्या घरापुढच्या दगडी बाकावर त्यांची दुपार जाई.

रेगे त्यांचे जुने शिष्य. विशीत दोन वर्षं ते धोबीतलावच्या खोलीवर शिकायला जात. मग नोकरी लागली, शिकणं सुटलं. पुढची पन्नास वर्षं त्यांनी जॅझच्या रेकॉर्डी जमवल्या. पुण्याच्या घरातली एक आख्खी खोली त्यांनी भरली होती.

लोकूर वकील. तेही जमवणारेच. चाळीस वर्षांची मैत्री. पण गेले तीन महिने दोघांचं बोलणं बंद होतं. मेस्त सांगतील ते मान्य, एवढंच ठरवून दोघं एका गाडीतून आले होते. वाटेत बोलले ते फक्त रस्ता चुकला तेव्हा.

"तुमच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचा मी एक संच काढतोय," रेगे म्हणाले. "आठ रेकॉर्डी. नव्वद पानांची पुस्तिका. सागवानी पेटी. तीनशेच प्रती. रेकॉर्डिंग करणारे ते पाध्ये होते ना, त्यांच्या मुलीकडे मूळ टेपा सापडल्या. प्रत्येक धून तुम्ही जितक्या वेळा वाजवलीत तितक्या वेळा. फसलेली, अर्धी सोडलेली, सगळी. संपूर्ण म्हणजे संपूर्ण."

"आणि तुमचं?" मेस्तांनी लोकुरांना विचारलं.

"मी म्हणतो, कलाकारानं निवडलं तेवढंच त्याचं. बाकीचं पातेल्याला लागलेलं. ते खरवडून ताटात वाढायचं नसतं. आणि एवढी महाग पेटी घेऊन माणसानं एकच धून तीन तीनदा ऐकायची?"

"कच्चं ऐकल्याशिवाय पक्क्याची किंमत कळत नाही," रेगे म्हणाले.

"हे तुझं वाक्य पुस्तिकेत चारदा आहे."

"तू वाचलीस?"

"वाचावी लागली."

मेस्तांनी एक चिंचोका वाटीत टाकला.

"मुकुंद, तू वाजवतोस?"

"नाही मेस्त. केव्हाच सोडलं."

"मग?"

"ऐकतो."

"हं..."

रेग्यांना त्या 'हं'चा अर्थ लागला नाही. त्यांनी लॅपटॉप उघडला, छोटा स्पीकर बाकावर ठेवला.

"'तारीवर' ही धून सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले. नदी ओलांडायच्या होडीला गोव्यात तार म्हणतात. ती धून मेस्तांनी स्वतः बांधली होती, बावन्न वर्षांपूर्वी. "पण तिचे तीन टेक झाले होते, हे कोणाला माहीत नाही. रेकॉर्डवर आला तो तिसरा. आता पहिले दोनही येतील."

"सगळं घेतलंस?"

"सगळं."

"काहीच सोडलं नाहीस?"

रेगे थोडे थांबले.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या टेकच्या मधे दीड मिनिट काहीच नाही. तेवढं कापलं. रेकॉर्डच्या त्या बाजूला जागाही उरत नव्हती."

"काहीच नाही म्हणजे?"

"कोणी वाजवत नाही. खुर्ची सरकते. कोणीतरी खोकतं. बस्स."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तुम्ही पियानोवाल्यांना बोलता. ते ठेवलंय. तुमची शिस्त कळते त्यातून."

मेस्तांचा हात थांबला. मांडीवरचं चिंचेचं सूप त्यांनी बाजूला ठेवलं.

"वाजव," ते म्हणाले. "तू कापलेलं नको. मूळचं."

रेग्यांनी लावलं.

आधी नुसती खरखर. मग सॅक्सोफोन, तरुण आणि भरदार. त्याच्या मागून पियानो. दोन आवर्तनं नीट गेली. तिसऱ्यात पियानो अडखळला, सावरला, पुन्हा अडखळला. सॅक्सोफोन तुटला.

आणि एक आवाज आला. मेस्तांचाच, पण छत्तीस वर्षांच्या माणसाचा.

"कायतान, सकाळीच ढोसून आलास? हात बघ तुझा. तुझ्यापायी पाच माणसांचा दिवस फुकट चाललाय. जमत नसेल तर ऊठ. लग्नाच्या वरातीत जाऊन वाजव."

कोणीतरी मागे हसलं.

मग काही नाही.

खुर्ची सरकली. कोणी खोकलं. सॅक्सोफोनच्या तोंडातल्या पत्तीवर फुंकर मारल्यासारखा बारीक आवाज आला. मग तोही नाही.

बाकावरची तिघं माणसं त्या खरखरीकडे बघत बसली.

मग कोणीतरी चार मोजले आणि तिसरा टेक सुरू झाला. जगाला ठाऊक असलेला. पियानो अगदी मोजका. उजव्या हाताचे सुटे सूर, आणि खाली, जिथं डावा हात असायला हवा, तिथं मोकळी जागा.

"पुन्हा," मेस्त म्हणाले.

"तिसरा टेक?"

"नाही. मधलं."

रेग्यांनी मधलं दीड मिनिट लावलं. संपलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मेस्तांनी चालणारा कान स्पीकरकडे केला आणि डोळे मिटले. लोकूर जमिनीकडे पाहत होते.

संपल्यावरची शांतता रेग्यांना सोसवेना. त्यांनी पुस्तिकेचा कच्चा खर्डा पिशवीतून काढला.

"तिसऱ्या टेकबद्दल मी चार पानं लिहिलीत, मेस्त. वाचू का? 'डाव्या हाताचा हा जाणीवपूर्वक संयम त्या काळाच्या कितीतरी पुढचा होता. वादकानं जे वाजवलं नाही, त्यातच...'"

"तो हात चालत नव्हता, बाब."

रेग्यांनी कागद खाली घेतला.

"दारूमुळे?" लोकुरांनी हळूच विचारलं.

"कायतान रेबेल दारू पीत नव्हता." मेस्तांनी उपरण्यानं बोटं पुसली. चिंचेची बोटं, पुसली जाईनात. "बारा वर्षं आम्ही एका बँडात होतो. त्यानं कधी पेला उचलला नाही. आम्ही सगळे त्यावरून त्याची थट्टा करायचो."

"म्हणजे तो पीत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"मग..."

"राग आला होता. रागात जे पहिलं हाताला लागलं ते मारलं."

समोरून एक सायकलवाला गेला. त्यानं मेस्तांना हात केला. मेस्तांनीही केला.

"त्याला दुखणं होतं," ते पुढे म्हणाले. "कंपाचं. डॉक्टरनं आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. त्यानं घरीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या दिवशी त्याला कोणी पियानोवर बसवला नसता. त्याला एकदा रेकॉर्डवर यायचं होतं. एकदाच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"चार महिन्यांनी. बँड सोडून तो गावी गेला तेव्हा."

रेगे पुस्तिकेच्या पानांच्या कडा नीट करत राहिले. त्या आधीपासूनच नीट होत्या.

"पण तिसरा टेक तुम्हीच निवडलात," लोकूर म्हणाले. त्यांच्या आवाजात वकिली होती, पण थोडीशीच. "तो उत्तम आहे, म्हणूनच ना?"

"आम्ही निवडला नाही, वकीलबाब. स्टुडिओची वेळ संपली होती. पुढची पार्टी दारात उभी होती."



आत घड्याळाचे चार ठोके पडले. मेस्तांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"नंतर तुमची भेट झाली असेलच," रेगे म्हणाले. 'हो' ऐकायचंच, अशा आवाजात त्यांनी ते विचारलं होतं.

"झाली. त्याचं घर नदीपलीकडे. दर मे महिन्यात मी मुंबईहून यायचो आणि तार पकडून त्याच्याकडे जायचो. नऊ वर्षं गेलो."

"मग बोलणं झालं?"

"पुष्कळ. मासळीवर झालं. फुटबॉलवर झालं. कोणाचा मुलगा बोटीवर गेला, कोणाचा दुबईला. त्याची बायको बांगडे तळून वाढायची. तो हसायचा. मला हसवायचा. आणि पूर्ण वेळ डाव्या हातावर बसून राहायचा."

"हातावर?"

"मांडीखाली दाबून. थरथर मला दिसू नये म्हणून."

रेग्यांनी मान खाली घातली.

"दर वर्षी तारीत बसताना शब्द तयार असायचे," मेस्त म्हणाले. "पलीकडे उतरलो की वाटायचं, आता काय जुनं उकरायचं? तो हसतोय, विसरला असेल. परत येताना वाटायचं, पुढच्या वर्षी... दहाव्या वर्षी गेलो तर त्याच्या बायकोनं चर्चच्या मागची जागा दाखवली. फुलं नेली नव्हती. मी बांगडे घेऊन गेलो होतो."

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही ते हात स्थिर होते.

"त्या दीड मिनिटात मी काय करत होतो, सांगू?"

मेस्तांनी स्पीकरकडे पाहिलं.

"पत्ती ओली करत होतो. वाजवण्याआधी करावी लागते, पण ती ओलीच होती. पियानो माझ्यापासून चार हातांवर. तो माझ्याकडे बघत होता. मला ते दिसत होतं... मी पत्ती ओली करत होतो."

मग रेगे खर्ड्यातून चार पानं वेगळी काढू लागले. घाईत एक पान फाटलं.

"हे मी काढून टाकतो, मेस्त. आणि तुमचं ते बोलणंही काढतो. पहिले दोन टेक नकोतच. कोणाला काही कळणार नाही. लोकूर म्हणतो तेच बरोबर होतं."

"मी आता काही म्हणत नाही," लोकूर म्हणाले.

"बोलणं ठेव," मेस्त म्हणाले.

"पण लोक काय म्हणतील?"

"इनास बार्रेत असं बोलला, असं म्हणतील. बोललोच होतो."

"आणि हे?" रेग्यांनी ती चार पानं दाखवली.

"त्यावर त्याचं नाव लिही. कायतान रेबेल. हात चालत नसताना त्यानं हे वाजवलं, एवढं लिही. तेवढ्याला चार पानं लागत नाहीत."

रेग्यांनी पेन काढलं आणि फाटलेल्या पानाच्या पाठीमागे नाव लिहून घेतलं. अक्षर नीट येईना. त्यांनी ते पुन्हा लिहिलं.

"आणि ते मधलं पण परत घाल," मेस्त म्हणाले.

"दीड मिनिट?"

"सगळं."

रेगे अडचणीत आले. नुसतं 'हो' म्हणून वेळ मारून नेणं आता त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"मेस्त, रेकॉर्डवर खरंच जागा नाही. आणि सुई नुसती फिरत राहील. लोकांना वाटेल तबकडी बिघडली. पैसे परत मागतील."

"मग नववी काढ," लोकूर म्हणाले.

रेग्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तू म्हणतोस हे?"

"हो. पेटी थोडी रुंद करावी लागेल." लोकुरांनी पेटीची रुंदी हातानं दाखवली. "सुताराकडे मी येतो तुझ्याबरोबर."

रेग्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण ते मेस्तांकडे वळले.

"घालतो, मेस्त. नक्की घालतो. पण ऐकणारा विचारेल. मला त्याला काहीतरी सांगावं लागेल. वाजवणं नाही, बोलणं नाही... त्यात ठेवायचं असं आहे तरी काय?"

मेस्तांनी हात पुढे करून स्पीकरवर हलकेच ठेवला, शेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"ती जागा राहू दे, मुकुंद," ते म्हणाले. "माझं बोलायचं राहिलंय."