बिनगावचा पाहुणा

राजा उदयभानाचा पाहुणा पाठशाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि द्वारपाल मल्हारीची पाचावर धारण बसली. पाहुणा म्हणजे शेजारच्या भालकोटचा केदारपंडित. त्याला मानाने आत न्यावं, ही राजाची आज्ञा. आणि भालकोटचा माणूस दाराच्या आत घेऊ नये, हा पंडितांचा ठराव. ठराव अजून पक्का व्हायचा होता, पण अंमल सुरू झाला होता.

ठरावाला कारणही तसंच होतं. भालकोटच्या राजाने सीमेवरचं एक खेडं जाळलं होतं. खेडं नेमकं कोणतं, याबद्दल पंडितांत मतभेद होते. जळलं होतं एवढं मात्र खरं. बहिष्काराचं भाषण भार्गवशास्त्र्यांनी फार तळमळीने केलं. त्यांच्या अंगावरची शाल भालकोटची होती, पण ती ठरावाच्या आधी घेतलेली आहे, असा खुलासा त्यांनी कुणी न विचारताच केला.

राजा हट्टी होता. त्याने निरोप धाडला, "पाठशाळेचा ठराव मी मोडणार नाही, माझ्या आजोबांनी तसं वचन दिलंय. पण दुपारपर्यंत माझा पाहुणा आत गेला नाही, तर द्वारपाल तुरुंगात जाईल."

पंडितांनीही निरोप धाडला, "पाहुणा आत आला, तर द्वारपालाला घालवून देऊ."

"भांडण राजाचं आणि पंडितांचं," मल्हारी कपाळ पुसत म्हणाला, "आणि मान माझी."

"अवो, मान आहे अजून जागेवर," त्याची बायको तानकी म्हणाली. ती सभामंडपात पाट मांडायची, पाणी भरून ठेवायची. "पाहुण्यांना सावलीला बसवा, गूळपाणी द्या. मी आलेच."

मंडपात पंडित एकमेकांची तोंडं बघत बसले होते. तिथली रीतच अशी, की ठराव पक्का करण्याआधी एकाने पूर्वपक्षाच्या पाटावर बसून त्याच्या विरुद्ध बोलायचं. त्या पाटावर बसेल त्याला तेवढा वेळ नाव नाही आणि गाव नाही, म्हणजे पुढे कुणी त्याच्यावर डूख धरू नये. सगळ्या सभेने मिळून एक उत्तर दिल्याशिवाय त्याने उठायचं नाही. आज मात्र पाट रिकामाच होता.

"तुम्ही बसा ना," एक जण शेजाऱ्याला म्हणाला.

"माझा घसा बसलाय."

"मी मनापासून ठरावाच्या बाजूचा," दुसरा म्हणाला, "मला विरुद्ध बोलणं जमायचं नाही."

"मी मनापासून विरुद्ध आहे, म्हणून तर बसत नाही," तिसरा म्हणाला. पण इतक्या हळू, की त्याला स्वतःलाही नीट ऐकू आलं नसावं.

कुलगुरू नृसिंहभट्ट कासावीस झाले होते. "नदीपलीकडच्या पाठशाळेचा निषेध कालच पक्का झाला. आपण मागे पडलो."

तानकी पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "शास्त्रीबुवा, माणूस मी देते. मला पाट आणि चार दांडगे शिष्य द्या. फक्त रीतीप्रमाणे त्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही."

"कोण विचारतंय?" भार्गवशास्त्री म्हणाले. "कुणालाही बसव. पाट भरला म्हणजे झालं."

तानकीने पाट नेला तो थेट दाराबाहेर. उंबऱ्याबाहेर तो मांडून ती केदारपंडिताला म्हणाली, "यावर बसा, आणि काही झालं तरी उठू नका." तो बसला. चार शिष्यांनी पाटासकट त्याला उचललं.

मल्हारी आडवा आला. "थांबा. माणूस कुठला?"

"कुठला म्हणजे? पूर्वपक्षाच्या पाटावरचा," तानकी म्हणाली.

मल्हारीने दार सताड उघडलं. पालखीत बसावं तसा पाहुणा डुलत डुलत आत गेला.

त्याला पाहताच भार्गवशास्त्री ताडकन उठले. "हा तर भाल—"

कुलगुरूंनी त्यांचं उपरणं ओढलं. "गाव उच्चारलंत तर ठराव बाद होईल. बसा खाली."

पाहुणा शांतपणे म्हणाला, "खेडं जाळलं ते पाप आहे. मला एवढंच सांगा, या ठरावामुळे जाळणाऱ्या राजाचं नेमकं काय अडेल?"

सात पंडितांनी एकदम उत्तर दिलं. उत्तरं सात निघाली. मग त्यातलं एक निवडायला समिती नेमली, आणि समितीत कोण असावं यावर वाद पेटला.

तेवढ्यात राजा स्वतः आला. "पाहुणा तर आत दिसतोय. मग बहिष्कार मोडलात का?"

"छे, महाराज," कुलगुरू घाम पुसत म्हणाले. "भालकोटचं कुणीही आत आलेलं नाही."

राजा पाहुण्याकडे वळला. "अवघडलात का?"

"नाही, महाराज. मी कुठून आलो ते सांगायची इथे बंदी आहे. पण तिथे या खेड्याबद्दल बोललो, म्हणून मला बसायला जागा उरली नाही. इथे निदान पाट मिळाला."

 मग भार्गवशास्त्री शाल सावरत म्हणाले, "ते असो. हा पाटावरून उठला की त्याला गाव परत येईल. त्या क्षणी आम्ही द्वारपालाला घालवून देणार."

मल्हारीने बायकोकडे पाहिलं.

"घाला की घालवून," तानकी म्हणाली. "पण आधी तुम्ही सगळे मिळून एक उत्तर द्या. त्याशिवाय ते उठायचे कसे?"

राजाने पंडितांकडे पाहिलं. समितीचा अध्यक्ष कोण, यावर मागच्या रांगेत दोघे हमरीतुमरीवर आले होते. राजाला हसू आवरेना. खांबाला टेकून तो पोट धरधरून हसला. मल्हारीची नोकरी त्याने तिथल्या तिथे जन्मभरासाठी पक्की केली आणि तानकीला म्हणाला, "बाई, आता तुझ्यासाठी काय हवं ते माग."

"पाटावर घालायला एक जाड गादी द्या, महाराज. पाहुण्यांना बरीच वर्षं बसायचंय."

राजा पुन्हा हसत सुटला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तानकीला दिलं, आणि संध्याकाळच्या आत सिंहासनावरची गादी पाठशाळेत पोचती केली.