निकेल-लोखंडाची शेवटची पट्टी

"पण बाई, मी तिला क्षणभरही नजरेआड केलं नव्हतं. मग बिघडली कशी?"

ऋजुताने पट्टी टेबलावर ठेवली. बोटभर लांबीची, निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूची. बाकीच्या वाया गेल्या होत्या, ही शेवटची. हीसुद्धा गेली तर संशोधन सोडायचं, असं तिने घरी सांगूनही टाकलं होतं. घरी आठ महिन्यांचा मुलगा होता. तो झोपला की त्याचा श्वास चालू आहे ना, हे बघायला ती नाकाशी बोट नेई, आणि तो जागा होई.

तिच्या शिक्षिका केंजळेबाई कधीच्या निवृत्त झालेल्या. तरी प्रयोगशाळेतली त्यांची खुर्ची कोणी हलवली नव्हती.

बाईंनी पट्टीला हात लावला नाही. नुसती पाहिली.

हा धातू भट्टीतून निघतो तेव्हा फार हळवा असतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाचीसुद्धा त्याला चाहूल लागते. ऋजुताची पट्टी मात्र मोजायच्या वेळी ढिम्म.

"कुठे पडली होती का?"

"माझ्या हातून? माझ्या हातून काही पडत नाही, बाई."

मग तिने सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेच. भट्टीतून काढल्याबरोबर पट्टी किंचित वाकलेली वाटली, म्हणून अंगठ्यांनी दाबून सरळ केली. मोजताना हलू नये म्हणून पकडीत घालून स्क्रू आवळले. आकडा कमी आला, तेव्हा आणखी आवळले. रात्री सोबत घरी नेली, आणि सकाळी बसमध्ये कोणाचा धक्का नको, म्हणून मुठीत गच्च धरून आणली.

बाईंनी चष्मा काढला.

"पाडली असतीस तर बरं झालं असतं. एकदाच लागलं असतं तिला. दर दाबागणिक हळवेपणा जातो तिचा."

ऋजुताचे कान लाल झाले.

ती म्हणाली, चुंबक म्हणजे धरून ठेवणारा, असंच आपण शाळेपासून शिकतो. आणि हा धातू, भोवतीच्या तारेतला प्रवाह बंद केला की सगळं विसरतो. याला घट्ट नाही धरलं तर याच्यात राहील काय?

"काही राहत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर त्याला इतकं बारीक ऐकू येतं."

"मग आता ही गेलीच का?"

"तापव पुन्हा."

पट्टी पुन्हा भट्टीत गेली. लालबुंद झाली. मग बाईंनी आच हळूहळू उतरवायला लावली आणि ऋजुताला घरी जायला सांगितलं.

ती दारातच घुटमळली. थंड होताना कोणी जवळ नको का, तिने विचारलं. काही झालं तर?

"थंड व्हायला तिला येतं."

ऋजुता घरी गेली. तशी ती दोनदा जिन्यावरून परत आली होती, पण बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पकड कपाटात टाकली. तार काचेच्या नळीवर गुंडाळली, नळीत कापूस अंथरला, आणि चिमट्याने पट्टी अलगद आत सरकवली. ना स्क्रू, ना दोरा. नुसती पडून राहिली.

"अशी सैल?" ऋजुताने विचारलं.

बाईंनी तारेतून नखभर प्रवाह सोडला.

मापकाचा काटा उठला.

बाईंनी प्रवाह आणखी कमी केला, जवळजवळ नाहीच म्हणावा इतका. काटा तरीही उठला. प्रवाह बंद केला, तर काही घडलंच नाही अशा थाटात शून्यावर येऊन बसला.

ऋजुताचं वर्षभराचं काम त्या कापसावर जिवंत पडलं होतं. तिने बाईंच्या पायांना हात लावला. बाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं. काम सोडण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

मग तिने डोळे पुसले आणि नळीतली पट्टी काढायला हात पुढे केला. पुस्तकाला पाय लागला की आपण ते उचलून कपाळाला लावतो ना, तशी ती लावायची होती तिला.

बाईंनी तिचं मनगट धरलं.

"नमस्कार लांबूनच कर."