काविळीची परात

“कुणीतरी माझ्या नावानं तुमचे कान भरलेत, महाराज. नाहीतर इतक्या वर्षांत न विचारलेलं आज का विचारता?”

जोतीनाथ हसले. “कान भरायला माझ्याजवळ बसतंय कोण? सगळे तुझ्या रांगेत. मी एवढंच विचारलं... कावीळ जाते कुठून?”

“हातांतून,” त्यांचा शिष्य रेवण म्हणाला. “साऱ्या पंचक्रोशीनं पाहिलंय.”

मठाच्या ओसरीवर रविवारची रांग लागली होती. रेवण कावीळ उतरवतो, ही कीर्ती घाटाखालपर्यंत पोचली होती. रोग्याच्या हातांना तो आंब्याच्या सालीचा रस चोळी, मग परातीत चुन्याची निवळी ओतून त्यात ते हात धुवी. पाणी पिवळंजर्द होई. लोक धन्य होत.

आज सर्वांत पुढे खालच्या वाडीची हौसा होती. सात महिन्यांची गरोदर. डोळे हळदीसारखे. खांबाला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागे. सासू धोंडाबाई तिला हलवून जागं करी, तर ती नवऱ्यालाच भावाच्या नावानं हाक मारी.

“हिला इस्पितळात न्यायला हवं,” जोतीनाथ म्हणाले. “आत्ता.”

“आधी उतरवतो. मग न्या कुठं न्यायचं ते.”

“मग आधी माझी उतरव.”

महाराजांनी दोन्ही हात पुढे केले.

“तुम्हाला कुठं कावीळ आहे?”

“धुऊन तर बघ.”

रांग बघत होती. नाही म्हणता येईना. रेवणनं रस चोळला, निवळी ओतली.

पाणी पिवळं झालं.

...

“असेल थोडी,” रेवण म्हणाला. “अंगात मुरलेली.”

रांगेत कुणीतरी खुसकन हसलं.

“आता तुझे हात धू.”

रेवण हलला नाही. रसानं माखलेली त्याची बोटं परातीत होती, आणि त्यांच्याभोवतीही पिवळी वलयं उठत होती.

“कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात,” जोतीनाथ म्हणाले. “तुला न होताच दिसतं.”

“पण लोक बरे होतात, महाराज!”

“पुष्कळजण नुसत्या विश्रांतीनं बरे होतात. त्याचं श्रेय तू घेतोस. ही तशी बरी होणार नाही; पोटुशी आहे, भानही सुटत चाललंय.” त्यांनी स्वतःच्या उजव्या बरगडीखाली तळवा ठेवला. “यकृत इथं असतं. इथवर तुझी परात पोचते?”

“यकृत दारुड्यांचं जातं. ही बाई दारूला शिवलीसुद्धा नाही.”

“दारूनं जातं. घाण पाण्यानंही जातं. ते कुणाचं चारित्र्य विचारत नाही.” महाराज धोंडाबाईकडे वळले. “पाणी कुठलं पिता?”

“वढ्याचं. नळाला कवा येतंय पाणी?”

“मठाजवळून जातो, हाच ओढा?”

“दुसरा हाय कुठं?”

हौसाचा नवरा शिरपा हे ऐकायला थांबला नाही. तो खाली जीप आणायला पळाला.

जोतीनाथांनी रेवणकडे पाहिलं.

“तुझी ही माणसं आदल्या दिवशी येऊन मठात मुक्काम करतात. पहाटे उठून कुठं जातात?”

रेवणनं परातीतून हात काढून पुसले.

“कुठं?”

“...ओढ्याकाठी.”

“आणि ओढा?”

“खालच्या वाडीला.”

...

जीप पायरीशी येऊन थांबली. रेवण परातीशी खिळल्यासारखा उभा होता.

“रांगेला काय सांगू?”

“पाणी उकळून प्या म्हणावं. ओढ्याकाठी बसू नका. आणि डॉक्टरला दाखवा.”

“एवढंच ऐकायला मठात कोण येईल?”

“मठ ओस पडला, की समज... रोगाला उतार पडला.”

शिरपानं बायकोला काखांत हात घालून उचललं. एकट्याला ती पेलेना. धोंडाबाईनं मागं वळून रेवणकडे पाहिलं.

“अवो बुवा, बघत काय ऱ्हायलाय? पाय धरा हिचं!”