हजार ग्राहकांची यादी

कराडच्या रणधीर थोरातांची पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांची एजन्सी होती. एके सकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला आणि हजारभर ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर सगळं त्याच्याबरोबर गेलं. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. या यादीची एक प्रत दुसरीकडे ठेवू या, असं ऑफिस सांभाळणारी सुलभा कुंभार दोन वर्षं सांगत होती आणि साहेब ते हसण्यावारी नेत होते. आता मात्र ते तिच्यावरच गरजले, "आठवड्यात यादी उभी करा, नाहीतर घरी बसा."

रात्रभर विचार करून सुलभाने दुसऱ्या दिवशी गावातल्या पेपरात एजन्सीच्या नावाने दोन ओळी छापून घेतल्या: 'आमच्या यंत्राबद्दल तक्रार असल्यास नाव, पत्ता व फोन नंबर कळवावा.'

आठवड्याने नव्या कॉम्प्युटरवर हजारभर नावं भरली होती. साहेब खुशीत वाचायला बसले आणि मथळा पाहून थबकले.

"ही तक्रारदारांची यादी आहे. मी ग्राहकांची मागितली होती."

"दोन वेगळ्या करायला बसले होते, साहेब," सुलभा शांतपणे म्हणाली, "पण दोन्हीकडे तीच नावं येतात."