मानाचा खुंटा

खूप जुनी गोष्ट आहे बरं का. तेव्हा जनावरं बोलत असत आणि थकल्याभागल्या माणसाला ती ऐकूही येत.

एका गावात मोठं गुऱ्हाळ होतं. बैल गोल फिरे, चरकाचे जाड ओंडके एकमेकांवर घासत फिरत आणि ठकूबाई त्यांच्या फटीत दिवसभर ऊस सारत बसे. हात ओढला जातोय असं वाटलं की तिनं "हौऽ" म्हणायचं आणि बैलानं जागीच थांबायचं, अशी तिथली रीत होती.

पण रस्त्यानं कुणी कुणाला हाक मारली तरी बैल थांबे. काम अडलं की मालकाचा जीव खालीवर होई. शेवटी त्यानं बैलाच्या कानांत कापसाचे बोळे कोंबले.

"मालक, मग माझी हाक त्याला कशी कळायची?" ठकूबाईनं विचारलं.

"हात सांभाळून काम केलं की हाक मारावीच लागत नाही, बाई!"

ऐका म्हणजे कळेल. एका दुपारी ठकूबाईचे डोळे मिटू लागले आणि बांगडी उसात अडकली. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. बैल बापडा शांतपणे चालत राहिला. माणसांनी धावत येऊन त्याची शिंगं धरली, तोवर उजवा हात मनगटापर्यंत चिरडला होता. वैद्यानं जीव वाचवला, हात काही वाचला नाही.

जखम भरल्यावर ती मालकाकडे गेली. "घरी दोन लेकरं उपाशी आहेत, मालक."

मालकानं तिच्या डाव्या तळव्यावर गुळाचा खडा ठेवला. "वाईट झालं. पण चूक तुझीच ना? एका हाताच्या बाईला ठेवून मी काय करू?"

तिच्यात भांडायचंही त्राण नव्हतं. गुऱ्हाळाच्या अंगणात मानाचा खुंटा होता. गुऱ्हाळात मोडलेला बैल तिथं बांधायचा आणि मरेपर्यंत त्याला बसून खाऊ घालायचं, ही मालकाच्या आजोबांपासूनची चाल. एक लंगडा म्हातारा बैल तिथं रवंथ करत होता. ठकूबाई त्याच्याशेजारी मटकन बसली.

"तुझा पाय गेला तर तुला जन्माची वैरण, माझा हात गेला तर मला गुळाचा खडा. असं का रे बाबा?"

"मला हाकललं तर गाव मालकाच्या तोंडावर थुंकेल," बैल म्हणाला. "मोडलेल्या माणसाला पोसायचा पायंडा अजून कुणी पाडलाच नाही, माये."

"मग आज पडू दे," ती म्हणाली आणि खुंट्याचं मोकळं दावं तिनं कमरेला गुंडाळून घेतलं.

"ऊठ! शोभतं का हे?" मालक कडाडला.

"नाही शोभत, मालक. पण जाऊ कुठं?"

प्रत्येक कामकऱ्यानं आपापल्या हातांकडे तेवढं पाहिलं. दुसऱ्या दिवशी चरकापाशी कुणी बसेना. तोडलेला ऊस वाळू लागला, तेव्हा मालक चिडून स्वतःच बसला.

थोड्याच वेळात त्याच्या गळ्यातल्या उपरण्याचं टोक उसाबरोबर आत गेलं. "हौऽ! हौऽ!" तो किंचाळला. बैल चालतच राहिला.

खोटं कशाला सांगू, ठकूबाईला क्षणभर उठावंसं वाटलं नाही. मग तिनं कमरेचं दावं सोडलं आणि चरकाच्या बैलाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. बैल थांबला. मालकाचा गळा ओंडक्यांपासून वीतभरच दूर उरला होता.

मालकानं बैलाच्या कानांतले बोळे उपसले. त्या दिवसापासून गुऱ्हाळात जायबंदी झालेल्या प्रत्येकाच्या घरी जन्मभर धान्य पोचू लागलं. ठकूबाईची चूल पेटली. पण पीठ मळायला बसली की अजूनही तिचा उजवा हातच आधी पुढे होई, आणि मग ती जराशी थांबे.

तात्पर्य : ज्याचं अंग आपल्या कामात मोडलं, त्याचं पोट भरणं हा उपकार नव्हे, तो त्याचा हक्क आहे.