खुर्चीवरचा कोट

जंगलातून रस्ता व्हावा असं सरपंच गिरजाबाई मडावींनाही वाटत होतं. फक्त नाल्यापाशी अस्वलांना जायला खालून वाट ठेवा, एवढ्या मागणीसाठी तालुक्याला सहा खेटे घालून त्या पार वैतागल्या होत्या. अखेर मोठे अभियंते सबनीस ग्रामसभेत आले आणि गुरगुरले, "आमच्या माणसांनी सहा वेळा भर दुपारी पाहणी केली. एकही अस्वल दिसलं नाही. म्हणजे इथं अस्वल नाहीच!"

"मीही सहा वेळा तुमच्या कचेरीत आले. साहेब एकदाही दिसले नाहीत. मग तिथं साहेब नाहीतच, असं लिहू?"

सबनीस उखडले. "खुर्चीवर माझा कोट नव्हता?"

"होता ना जी! कोट बघून साहेब आहेत, असं आम्ही मानलं. आता नाल्यातली पावलं बघून अस्वल आहे, असं तुम्ही माना. ते तर रोज येतं!"